‘पत्ता तसाच’ नावाचं बटण

१८ नोव्हेंबर, मंगळवार. काम : दवाखान्याच्या प्रोग्रॅममधून ॲलर्जी असलेल्या पेशंटांची यादी काढून छापून देणे. अंदाजे वेळ : अर्धा तास.

माझ्या वहीत कामं अशीच लिहिलेली असतात. वेळ बहुतेक बरोबर निघते. त्या दिवशी निघाली नाही.

दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागात आहे. एका ट्रस्टचा, तीन खोल्यांचा. मागच्या गल्लीत माग चालतात, त्यामुळे काउंटरवर सगळे थोडं मोठ्यानंच बोलतात. सतरा-अठरा वर्षांपूर्वी मी त्यांना पेशंटांच्या नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम लिहून दिला. व्हीबी या तेव्हाच्या भाषेत, नोंदी ॲक्सेसच्या फाइलमध्ये. आता हे सांगितलं की नवी पोरं माझ्याकडे बंद पडलेल्या टॉकीजकडे बघावं तशी बघतात. पण प्रोग्रॅम चालतो. कॉम्प्युटर तीनदा बदलला, प्रोग्रॅम तोच. मला त्याचा थोडा गर्वही होता, हे मान्य करते.

डॉक्टरबाई रविवारी पंधरा दिवसांसाठी मुलीकडे बेंगळुरूला गेल्या होत्या. बुधवारपासून बदली डॉक्टर येणार होते. त्यांना इथलं कोणी माहीत नाही, म्हणून कुणाला कुठलं औषध चालत नाही त्याची यादी टेबलावर चिकटवून ठेवा, असं बाई सांगून गेल्या होत्या. सोपं काम. ॲलर्जीचा रकाना रिकामा नाही अशा नोंदी काढायच्या आणि छापायच्या. चौदा नावं आली.

काउंटरवर ज्या बसतात त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. दवाखाना सुरू झाल्यापासून त्या तिथेच आहेत. यादी बरोबर आहे का बघा म्हणून मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचायचं ते मनात वाचायला हवं होतं. पण अक्का मनात काही करत नाहीत.

सहावं नाव वाचलं तशी समोरच्या बाकावरची बाई उठली. साठीची, विड्या वळणारी, कंबरेला पट्टा बांधलेली.

“माझं नाव कशाला घेतलं गं?”

“काही न्हाई मावशी, बसा. तुमाला पेनिसिलीन चालत न्हाई म्हणून लिहिलंय.”

“कोण म्हणालं?”

“कॉम्प्युटर म्हणतोय की.”

“त्याला म्हणावं, मला विचार. लहानपणापासून सुया टोचून घेतेय मी. कदी काही झालं न्हाई. ह्या दोन वर्सांत मात्र बाई सुई देईनात. गोळ्या घे म्हणतात, लई कडू. ते ह्याच्यामुळं व्हय?”

अक्का हसल्या. मी हसले नाही. नोंद साधी नव्हती. त्यात लिहिलं होतं : पेनिसिलीन, ओठ सुजले, दम लागला. असं कोणी कल्पनेतून लिहीत नाही. हे कुणाला तरी झालं होतं. या मावशींना झालं नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी झालं होतं, आणि त्या दुसरीच्या नोंदीत तो रकाना रिकामा होता.

मी पर्समधून चष्मा काढला आणि लॅपटॉप उघडला. माझ्या सगळ्या प्रोग्रॅमांचा मूळ कोड मी बरोबर ठेवते.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. प्रोग्रॅम फाइलमधल्या नोंदी ज्यातून वाचतो आणि लिहितो त्याला रेकॉर्डसेट म्हणतात. ते एक रजिस्टर आहे असं समजा आणि एका ओळीवर बोट ठेवलेलं आहे. वाचायचं ते बोटाखालचं, बदलायचं ते बोटाखालचं. नवी नोंद घालायची तर ॲडन्यू म्हणायचं, भरायचं, अपडेट म्हणायचं. नवी ओळ शेवटी लिहिली जाते. पण बोट तिथे जात नाही. ते आधी ज्या ओळीवर होतं तिथेच राहतं. नव्या ओळीवर यायचं असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. हे पुस्तकात लिहिलेलं असतं. मी वाचलेलं होतं.

ॲलर्जीचा रकाना मूळ प्रोग्रॅममध्ये नव्हता. दोन वर्षांनी डॉक्टरबाईंना हवा झाला. मी तो घाईत घातला, आणि वरच्या कोडमध्ये हात घालायला नको म्हणून सगळ्यात शेवटी घातला. आधी नवी नोंद अपडेट करायची, मग ॲलर्जी भरली असेल तर तीच नोंद पुन्हा उघडून त्यात लिहायची. घरी करून बघितलं तर चूक दाखवली : समोर कुठलीच नोंद नाही. बरोबरच होतं, माझा फॉर्म कोरा होता, बोट कुठल्याच ओळीवर नव्हतं. मी एक ओळ वाढवली. बोट कुठेच नसेल तर शेवटच्या नोंदीवर जा. पुन्हा करून बघितलं. चाललं. दिलं.

बोट आधीच दुसऱ्या कुणावर असेल तर काय, हे मी बघितलंच नव्हतं.

“अक्का,” मी विचारलं, “नवीन पेशंट घालताना तुम्ही आधीचा बंद करता ना?”

“कशाला बंद करू? बंद केलं तर ते बटण कसं चालंल?”

“कुठलं बटण?”

“अय्यो, मॅडम! तुमीच दिलं की. ‘पत्ता तसाच’.”

मी विसरले होते. या भागातले पत्ते म्हणजे घर नंबरानंतर आणखी दोन नंबर, मग गल्ली, मग कशाच्या तरी मागे. विडी कंपनीच्या ब्रँचवर वळलेला माल देऊन झाला की बायका चार-पाच जणी मिळून एका रिक्षातून दवाखान्यात येतात. एकाच गल्लीतल्या, पुष्कळदा एकाच घरातल्या. अक्कांनी एकदा तक्रार केली होती की एकच पत्ता पाच वेळा टाइप करून बोटं दुखतात. म्हणून मी बटण दिलं. जुन्या बाईची नोंद समोर ठेवा, ‘नवीन’ दाबा, मग ‘पत्ता तसाच’ दाबा. अक्का इतकी वर्षं रोज तसंच करत होत्या. पहिली बाई समोर उघडी, बाकीच्या तिच्या पाठोपाठ. बोट पहिल्या बाईवर. आणि पाठच्या एखादीची ॲलर्जी त्याच वेळी भरली की ती जाऊन बसायची पहिलीच्या नावावर. चूक दाखवायचं कारणच नव्हतं. प्रोग्रॅमच्या दृष्टीनं सगळं नीट चाललं होतं.

साडेअकरा वाजले होते. बाकावर ड्रेसिंगसाठी आणि चालू गोळ्यांसाठी आलेली नऊ माणसं होती. मी अक्कांना म्हटलं, तुम्ही काउंटर सांभाळा, मावशी तुम्ही जाऊ नका.

“माजी विडीची पानं भिजत घातलीत घरी.”

“भिजू द्या.”

मावशींनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि बसल्या.

चौदापैकी दहा नोंदी ठीक होत्या. त्यांची ॲलर्जी नंतर कधीतरी भरलेली होती, तेव्हा बोट त्यांच्यावरच असणार. चार अशा होत्या की ॲलर्जी लिहिल्याच्या तारखेला नवीन पेशंटही घातलेले होते. त्या चारांतल्या तिघांना अक्कांनी फोन केले, दोघांना तेलुगूत, एकाला दखनीत. तिघांनीही हो, हे आमचंच, असं सांगितलं. एकानं तर गोळीचं नाव ऐकूनच शिव्या दिल्या. राहिल्या मावशी.

मावशींच्या नावावर ती नोंद दोन वर्षांपूर्वीची होती. त्या दिवशी त्यांच्यामागून चार बायका नव्यानं घातलेल्या. चौघींचा पत्ता एकच. चौघींची ॲलर्जी रिकामी.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला.

“आठवतंय की,” त्या म्हणाल्या. “ओठ असे वर आले होते. दुसरीकडे कुठेतरी सुई घेतली होती आणि रिॲक्शन घेऊन माझ्याकडे आली. तीन तास बसवून ठेवली होती मी तिला.”

“कोण होती?”

“चौघी-पाच जणी होत्या गं. चेहरा आठवतो, नाव नाही.”

“बाई, आठवून बघा.”

“मी का आठवू? तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून तर मी डोक्यात ठेवलं नाही.”

मी फोन ठेवला आणि चौघींचे नंबर कागदावर उतरवले.

चौघींपैकी दोघी मावशींच्या सुना निघाल्या. मावशी म्हणाल्या, “त्यांना काय धाड भरलीय.” तरी मी फोन लावायला लावला आणि त्यांच्याच तोंडून ऐकलं. नाही. तिसरी शेजारीण. नाही. चौथीचा फोन बंद.

मी चौथीची नोंद उघडली. वय चौतीस. शेवटची भेट शनिवारची. मानेवर गाठ. खाली : गाठ काढण्यासाठी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

ही चिठ्ठीही माझाच प्रोग्रॅम छापतो. मी ती पुन्हा पडद्यावर काढली. नाव, वय, तक्रार, चालू औषधं. आणि खाली, ठळक अक्षरात : ॲलर्जी – नाही.

रिकामी जागा दिसायला बरी दिसत नाही म्हणून तिथे ‘नाही’ छापायचं मीच ठरवलं होतं. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत काय फरक असतो ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

“अक्का, हिचं ऑपरेशन कधी आहे?”

“उद्या. उपाशीपोटी सकाळी सातला बोलवलंय म्हणून शनिवारी परत येऊन मलाच सांगून गेली.”

इथल्या नोंदीत सुधारणा करून काही उपयोग नव्हता. चुकीचा कागद तिच्या हातात होता, आपल्या सहीशिक्क्याचा, आणि तो कागद बघून कुणीतरी तिला टोचणार होतं. मी तिच्या नोंदीत मोठ्या अक्षरात ‘खात्री होईपर्यंत पेनिसिलीन नाही’ असं लिहिलं, या वेळी बोट कुठे आहे ते बघून, आणि नवी चिठ्ठी छापली. मग पत्ता बघितला. पत्ता मावशींचाच होता.

“ही तुमच्याकडे राहते?”

“आमच्यात कशाला? त्या दिवशी रिक्षात जागा होती म्हणून बसली. अक्कानं पत्ता विचारलाच न्हाई कुणाला, खटाखट दाबत गेली.”

अक्का काउंटरवरून म्हणाल्या, “गर्दी किती होती ते बगा की आधी.”

“गर्दी काय, तुमाला घाईच असती.”

“मावशी, स्कूटरवर बसता येतं?” मी विचारलं.

“बसवलं तर बसते.”

मावशी माझ्यामागे दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसल्या आणि सबंध रस्ताभर माझ्या खांद्याला धरून मला उजवं-डावं सांगत राहिल्या, बहुतेक वळण मागे गेल्यावर. चौथी त्यांच्याच ब्रँचला यायची. ती ब्रँच दीड वर्षापूर्वी हलली. नव्या ठिकाणी गेलो तर माल घेणं संपून झाडलोट चालली होती. तिथल्या कारकुनानं नाव ऐकून वही उघडली.

“आठ दिवस आली नाही. मान दुखते म्हणत होती. तुम्ही कोण?”

“दवाखान्यातून,” मी म्हटलं.

“पत्ता तुमच्याकडे नाही?”

“आहे. चुकीचा आहे.”

त्यानं आणखी काही न विचारता पत्ता लिहून दिला. एवढ्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

त्या पत्त्यावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. दाराला कुलूप. शेजारची बाई पाणी भरत होती. ती आणि मावशी बराच वेळ तेलुगूत बोलल्या. मला फक्त सूर कळत होता, तो चांगला नव्हता.

“बहिणीकडं गेलीय,” मावशींनी सांगितलं. “सकाळी लवकर जायचं, बहिणीचं घर दवाखान्याच्या जवळ. फोनचा चार्जर हितंच राहिला म्हणं.”

“बहीण कुठे राहते?”

“मिलच्या धुराड्याच्या मागं कुटंतरी. हिला ठाऊक न्हाई.”

धुराड्याच्या मागे शेकडो घरं आहेत. आम्ही दोन गल्ल्या फिरलो. मावशी प्रत्येक दारात मान घालून विचारत होत्या. सव्वापाचला मी थांबले. मोठ्या दवाखान्यात गेले, खिडकीपाशी उभी राहिले. खिडकीतला माणूस वाईट नव्हता, दमलेला होता.

“पेशंट ॲडमिट आहे का?” त्यानं विचारलं.

“नाही. उद्या येणार आहे.”

“मग उद्या या. शनिवारचे केसपेपर कुलपात आहेत, आज मी कशावर लिहू? यादी सकाळी वॉर्डात लागते.”

“निदान निरोप ठेवा.”

“बाई, इथं निरोप ठेवून काय होतं ते मी तुम्हाला सांगू का?”

नको, म्हटलं. मला ते माहीत होतं. निरोप ठेवायचा म्हणजे पुन्हा कुठल्यातरी ओळीवर लिहून निघून जायचं आणि ते योग्य जागी पोचलं असं समजायचं.

मावशींना घरी सोडलं. त्यांची पानं काळी पडली होती. त्या मला काही बोलल्या नाहीत, सुनेला बोलल्या. मी साडेसहाला घरी आले, कोड उघडला आणि अपडेटच्या खाली एक ओळ घातली : आत्ता जी नोंद घातली तिच्यावर बोट ने. एवढंच हवं होतं. पंधरा-सोळा वर्षं ती ओळ नव्हती. मग ‘नाही’ छापायची ओळ काढली आणि तिथे ‘विचारून घ्यावे’ असं घातलं. जेवले आणि गजर लावून झोपले. झोप लागली, पण दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होते.

सकाळी सहाला मावशींच्या दारात गेले. चौथीला मी कधी बघितलेलं नव्हतं. मावशी तयार होत्या, मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊन.

“हे कशाला?”

“उबं राहून काय करायचं? कालचा माल राहिलाय.”

“दवाखान्यात तंबाखू चालत नाही, मावशी.”

“मी ओढतेय व्हय?” म्हणाल्या, पण सूप आत ठेवून आल्या.

साडेसहाला फाटकाशी उभ्या राहिलो. फाटकं दोन आहेत हे मला तिथे गेल्यावर कळलं. मावशी एकीकडे थांबल्या, मी वॉर्डाच्या दाराशी, तिथे कुठल्याही फाटकातून आलेल्या माणसाला यावंच लागतं. चौतीस वर्षांची, मानेवर गाठ. सकाळी थंडी होती, प्रत्येक बाईनं मानेभोवती पदर गुंडाळलेला. मी तिघींना विचारलं. तिसरी चिडली. वॉचमननं विचारलं, “बाई, कुणाला शोधताय की नुसतंच?” सात वाजून गेले. सव्वासात झाले. आत ट्रॉली फिरायला लागल्या.

सात पंचवीसला मावशी एका बाईला दंडाला धरून घेऊन आल्या. पोलिसानं आणावी तशी. बरोबर तिची बहीण, हातात आमची चिठ्ठी, प्लास्टिकच्या पिशवीत जपून घातलेली.

“हीच ती. विचारा.”

“तुम्हाला कधी सुईनं ओठ सुजले होते? दम लागला होता?”

“व्हय की,” ती म्हणाली. “मरत होते मी. आमच्या डॉक्टरबाईंनी वाचवलं.”

“मग इथे सांगितलंत? शनिवारी विचारलं असेल.”

“विचारलं. मी म्हटलं, चिठ्ठीत बगा. बाई म्हणाल्या होत्या, तू काळजी करू नको, कॉम्प्युटरात घातलंय, आता जिथं जाशील तिथं कागदावर येतंय.”

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी चौथीच्या बहिणीच्या हातातली पिशवी घेतली, जुनी चिठ्ठी काढली, फाडली आणि तुकडे पर्समध्ये टाकले. नव्या चिठ्ठीवर लाल पेनानं आडवं ‘पेनिसिलीन नको’ लिहिलं आणि ती दिली. मग चौघी आत गेलो. वॉर्डातल्या सिस्टरच्या टेबलावर तिचा पेपर आधीच तयार होता. शनिवारी निळ्या शाईत उतरवलेलं : ॲलर्जी – नाही. सिस्टरनं माझं सगळं ऐकून घेतलं, चौथीला स्वतः पुन्हा विचारलं, निळी ओळ खोडली, वर लाल शाईत लिहिलं आणि पेपर घेऊन डॉक्टरांकडे गेली. परत आली तेव्हा म्हणाली, “दुसरं औषध लावलंय. तुम्ही हिच्या कोण?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. “चिठ्ठी माझी होती.”

नऊला ट्रस्टचा दवाखाना उघडला तेव्हा मी अक्कांच्या आधी पोचले होते. नवा प्रोग्रॅम टाकला. अक्कांनी पहिला प्रश्न विचारला, “बटण काढलं का?”

“नाही. पण आता ते दाबलं की आधी पेशंटचं नाव घेऊन विचारतं, पत्ता खरंच हाच का.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“लई त्रास आहे की हो, मॅडम.”

मावशींची नोंद उघडली, ॲलर्जी काढून टाकली, बंद केली. चौथीची नोंद उघडली, ॲलर्जी लिहिली, कारकुनानं दिलेला पत्ता घातला, सेव्ह केलं, बंद केली. पुन्हा उघडली. पडद्यावर बोट ठेवून नंबर आणि नाव मोठ्यानं वाचलं.

“बघितलं की आत्ताच,” अक्का म्हणाल्या.

मी बंद केली आणि परत उघडली.